पितांबराचा काठ

मुळगावात सगुण च्यारीच्या पडवीत दोन कारखाने चालत. उजवीकडे सगुण मातीचे गणपती घडवी आणि डावीकडे त्याची बायको पद्मावती शिवणयंत्रावर गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवी. आपण करतो ती कला आणि बायको करते ती फॅशन, यात सगुणला तिळमात्र शंका नव्हती. कला टिकते, फॅशन चार दिवसांची, हे तो येईल त्याला ऐकवी.

"टिकता, मगे दीड दिसान बुडवतत कित्याक?" पद्मावती दोरा तोडता तोडता विचारी. मग सगुणला एकदम कुठल्यातरी मूर्तीच्या सोंडेत खोट दिसे.

गोवा वेगळे राज्य झाले त्या साली मात्र त्याची झोप उडाली. चतुर्थीच्या आधी घरोघरचे पाट सगुणच्या चित्रशाळेत, म्हणजे या पडवीत, यायचे आणि ज्या घरचा पाट त्यावर त्या घरचा गणपती बसायचा, ही रीत. पण डिचोलीत एक नवी चित्रशाळा निघाली, तिथे गणपतीला चमकी लावून देत. वाड्यावरचे पाट भराभर तिकडे गेले. सगुणच्या आजोबांपासून येणारा शेवंतीच्या घरचा पाट तेवढा उरला होता. तो गेला की शाळेला टाळेच.

आणि नेमकी शेवंती येऊन म्हणाली, "सगुणभाऊ, औंदा गणपतीक नव्या फॅशनचो पितांबर होयो. जमणा नसात तर सांगा, पाट डिचोलीत नेतंय."

ती गेल्यावर सगुण दिवसभर धुमसला. नवी फॅशन म्हणजे काय, हे बायकोला विचारणे त्याला मरणाहून वाईट वाटले. दुपारी ती वामकुक्षी घेत असताना त्याने शिवायच्या ढिगातून एक ब्लाउजपीस हळूच ओढला. मोरपिशी रंग, सोनेरी काठावर कोयऱ्या. कोणाचा, हे बघायची त्याला गरज वाटली नाही. कोयरी न् कोयरी पितांबरावर उतरवून त्याने तो परत ठेवला आणि ही आपल्याला सुचलेली नक्षी, असे दोन दिवसांत त्याचे स्वतःचेच मत झाले.

चतुर्थीच्या संध्याकाळी सगळा वाडा आरतीला शेवंतीकडे जमला. शेजारची लक्ष्मीही आली. राजभाषेच्या वादात या दोघींच्या नवऱ्यांपैकी एक मराठीवाला, दुसरा कोंकणीवाला, त्यामुळे दोघींमध्ये दोन्ही भाषांत अबोला होता. पण देवाच्या आरतीला जायचे नाही असे कसे? लक्ष्मी नवी साडी नेसून आली. मोरपिशी. काठाला कोयऱ्या.

आरती सुरू झाली. लोकांनी गणपतीकडे पाहिले, मग लक्ष्मीकडे, मग पुन्हा गणपतीकडे. टाळ बेताल झाले. सगुण घाम पुशीत मोठ्याने गाऊ लागला. शेवंतीचा चेहरा उतरला. वैरिणीची साडी नेसून देव शेवंतीच्याच घरात बसला होता.

आरती संपल्यावर लक्ष्मी पुढे झाली आणि अबोला विसरून म्हणाली, "शेवंतीबाय, तुझ्या गणपतीक माझ्यापेक्षा बरो दिसता गे हो काठ." शेवंतीला हसावे की रडावे कळेना, शेवटी हसली.

सगुणला धीर आला. मूर्तीचे डोळे रेखायच्या दिवशी तो सकाळपासून पाणीही पीत नसे. त्याने विचारले, "आणि डोळे कसे वाटले?"

"कोणाचे डोळे?" दोघी एकदम म्हणाल्या. सगुणच्या काळजाला लागले ते.

पुढच्या वर्षी वाड्यावरचे सगळे पाट परत आले, लक्ष्मीचासुद्धा, आणि प्रत्येक पाटावर एकेक ब्लाउजपीस. सगुण छाती काढून उठला. पण बायका त्याला ओलांडून सरळ यंत्रापाशी गेल्या आणि पद्मावतीला विचारू लागल्या, गणपतीला कुठला रंग शोभेल.

पद्मावतीने मान वर न करता सांगितले, "माका कपडो कळता. पण डोळे काढीपर्यंत ती नुसती माती आसता बायांनो, देव ह्यांच्या हातान घडता. ह्यांकाच विचारा."

बायका वळून पाहू लागल्या. रंगाच्या बाबतीत उभ्या जन्मात कोणाचे न ऐकलेल्या सगुणने त्यांच्यातला एक निळा पीस उचलला आणि सगळ्यांदेखत बायकोसमोर धरला. "ह्या निळ्याक कसलो काठ बरो दिसात गे?"