नाना, नात आणि फ्रेंच सर्वनामं

विद्यार्थी व्याकरण विसरून जातात, किस्से मात्र माझ्याकडे साठत राहतात. जळगावात फ्रेंच शिकवते म्हटलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, "येतं कोण?" येतात हो! गेल्या वर्षीच्या बॅचचंच सांगते.

पहिल्या बाकावर असोद्याचे नाना. वय अडुसष्ट, केळीची बाग. मुलगा फ्रान्सला नोकरीला होता, तिकडचीच मुलगी केली. दोन वर्षांपूर्वी तो तिथेच अपघातात गेला. सात वर्षांची नात आईजवळ असते, तिला फक्त फ्रेंच येतं. म्हणून नाना एसटीनं क्लासला!

*

मराठीत 'जेवलो' म्हटलं की भागतं. फ्रेंचमध्ये 'मी' गाळून चालत नाही. नाना वैतागले.

"मी खातो, मी जातो, मी, मी! गावात असा बोललो तं कोनी पारावर बसू देनार नाही, मॅडम!"

वर्ग हसून लोळला.

*

'इल प्ल' म्हणजे पाऊस पडतो. त्यातला 'इल' म्हणजे 'तो'.

"तो कोन?" नानांनी विचारलं.

"कोणीच नाही. त्यांच्यात कर्त्याची जागा रिकामी ठेवत नाहीत, म्हणून नुसता बसवलेला."

नाना वहीकडे बघत म्हणाले, "बरं हाये त्यांचं."

त्या दिवशी कोणी हसलं नाही.

*

अमळनेरची रूपाली. नवरा फ्रान्सला, ही व्हिसासाठी शिकत होती. हिच्या प्रत्येक वाक्यात 'तो'! मी म्हटलं, "आधी नाव, मग सर्वनाम. तो म्हणजे कोण?"

"मॅडम, आमच्यात नाव घेत नाहीत!"

मुली मागेच लागल्या. शेवटी तिनं नाव घेतलं आणि एकदम रडायलाच लागली. तीन महिन्यांत त्याचा फोन नव्हता.

पुढच्या सोमवारी ती आली नाही. नंतरही कधी नाही.

*

परीक्षेत वाक्य पूर्ण करायचं होतं : 'सी जावे स्यू...' म्हणजे 'मला माहीत असतं तर...' नानांनी पुढची जागा कोरी सोडली. मी लाल पेनानं 'अपूर्ण' लिहिलं. पेपर देताना म्हटलं, "नाना, एवढं तर येतं तुम्हाला!"

"फ्रेंचातच येत नाही असं नाही, मॅडम. मराठीतबी येत नाही."

मी पेपर परत घेतला. फ्रेंच माणसंही कित्येकदा तिथेच थांबतात. पूर्ण मार्क दिले.

*

दिवाळीनंतरच्या एका रविवारी नानांनी वर्गातूनच नातीला व्हिडिओ कॉल लावला. 'मला तुझी आठवण येते' हे वाक्य आठवडाभर घोकलं होतं. पण 'मी' आणि 'तू' यांची तिकडे जागा उलटी. घाईत सर्वनामं फिरली आणि नाना बोलून गेले, "ज त मांक!" म्हणजे 'तुला माझी आठवण येते.'

मी दुरुस्त करायला पुढे झाले. तेवढ्यात पडद्यावरच्या पोरीनं गंभीरपणे मान हलवली.

"वी," ती म्हणाली. मग, "पापा ओसी."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हने?"

"म्हणाली, हो. बाबाची पण."

नानांनी फोन दोन्ही हातांत धरला.

"हो गं माय," ते मराठीतच म्हणाले. "हो."