मोठ्या मामांचा धुरा

माझ्या मोठ्या मामांइतका मापाचा माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि सापडलाच तर मामा त्यालाही मोजून पाहतील. खिशात कायम टेप. मेडशीहून बसने निघाले की बाकावरची आपली जागा मोजून शेजाऱ्याला म्हणायचे, “चार बोटं इकडं आला तू, सरक!” मुलासाठी मुलगी पाहायला गेले, तर तिथे सगळ्यांच्या देखत पाट मोजला! या टेपापायी सख्ख्या धाकट्या भावाशीही वाकडं आलं. दोघांच्या वावरांमधला धुरा, म्हणजे बांध, हातभर सरकलाय एवढ्यावरून अकरा वर्षं अबोला. धाकट्याने दिवाळीचा फराळ पाठवला की डबा तसाच परत.

आणि मग धाकट्या मामांना कावीळ झाली. जन्मात दारूला न शिवलेला माणूस, लिव्हर पार निकामी! नागपूरचे डॉक्टर म्हणाले, जवळच्या नात्यातल्या कुणी आपल्या लिव्हरचा भाग दिला तरच वाचतील. मामींचा रक्तगट जुळेना, माझाही नाही, मुलं लहान. मी मोठ्या मामांकडे गेलो तो नकार ऐकायच्या तयारीनेच. मामा ओट्यावर टेप पुसत होते. सगळं ऐकलं आणि विचारलं, “बस कितीची हाय?” मी थोबाडीत बसल्यासारखा उभा!

स्कॅन झाला. डॉक्टरांनी पडद्यावर मामांचं लिव्हर दाखवलं, आत निळ्या-तांबड्या शिरा आणि मधून आखलेली रेघ. उजवा मोठा भाग भावाला, डावा तुम्हाला; तेवढ्यावर तुमचं निभेल, हे या चित्रांवरूनच मोजलंय. मामा पडद्याला नाक लावून उभे.

“रेघ वाकडी काहून हाय?”

“शिरा वाचवायच्या म्हणून.”

हे त्यांना पटलं. “पन पहिला वाटा त्याले उचलू द्या. आमच्यात मोठा वाटे पाडते, धाकटा पहिले उचलते.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. अरे देवा, हातभर बांधासाठी भांडलेला माणूस हा! इथे निवड कुणाचीच नसते, शिरा ठरवतात, हे समजावताना डॉक्टर घामाघूम झाले.

“मोठा वाटा त्यालेच जाते ना? मंग झालं.” उरलेलं लिव्हर पुन्हा वाढतं हे ऐकून मात्र हळहळले, “वावर असं वाढलं असतं तं!”

दोघंही सुखरूप परतले. परवा वावरात धाकटे मामा म्हणाले, “दादा, एकदाचा मोजून टाक हा धुरा.”

“टेप हरपला,” मोठे मामा म्हणाले. टेपाचं टोक खिशातून डोकावत होतं. मग धुऱ्यावर बसत हळूच बोलले, “लिव्हर वाढलं म्हन्ते डॉक्टर. त्या अकरा दिवाळ्यांचं काय?”

धाकट्या मामांनी सोबत आणलेला फराळाचा डबा उघडून त्यांच्यापुढे सरकवला.