एकट्याची होडी

सूर्यभान माणसाला आधी हिणवायचा आणि मग त्याचं नाव विचारायचा. वाळूजच्या बजाजनगरात माझ्या लेथच्या गाळ्याला लागूनच त्याचा वेल्डिंगचा गाळा होता, त्यामुळं वीस वर्षं मी ते रोज ऐकलं. मूळचा मेंढरामागं फिरणाऱ्या घरातला. सतराव्या वर्षी नौदलात गेला, पंधरा वर्षं तिथं सुतारकाम केलं, साहेबलोकांच्या शर्यतीच्या शिडाच्या होड्या दुरुस्त केल्या, चालवल्याही. पेन्शन घेऊन परत आला तो वाळूजला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडायला. आपली विद्या ओळखणारं इथं कुणी नाही, हा राग त्यानं कधीच लपवला नाही.

त्या गाळ्यात २००३ साली आप्पासाहेब आले. जवळच्याच गावचे मोठे जमीनदार. बंगला बांधून झाला होता, दारात दोन जीपा होत्या, आता लोकांना दाखवायला काहीतरी नवं हवं होतं. त्यांनी खिशातून एका होडीचा फोटो काढला.

"नाथसागरात उतरवायची. ट्रेलर तू बनव. बावीस फुटी हाय, आत खोली, पलंग सुदिक."

सूर्यभाननं फोटो उजेडात धरला. "ठिवणार कुठं?"

"बंगल्यापुढं."

"म्हंजे दर वेळी धरणापर्यंत ओढून न्यायची. कशानं?"

"जीप हाय की!"

"ही दीड टनाची, ट्रेलर वेगळा. उताराला जीप हिला ओढंल का ही जीपला ढकलंल? बरं, माणसं किती बसणार?"

"पाव्हणेरावळे धरून पंधरा-वीस."

"मग एस्टी घ्या."

आप्पासाहेबांच्या कपाळाला आठी पडली. सूर्यभाननं मात्र फोटोवर बोट ठेवलं आणि खरं तेच सांगितलं. "हे बुडाखालचं लोखंडी पातं बघा. चार फूट खाली लोंबतंय अन् वर उचलता येत नाय. समुद्राला ठीक हाय. आपल्या धरणाचा काठ परातीसारखा उथळ. शंभर पावलं आत गेलं तरी गुडघाभर पाणी. ही ट्रेलरवरनं तरंगायची म्हणलं तर पुरुषभर पाण्यात चाकं घालावी लागतील. त्यापरीस चौदा फुटी घ्या. पसरट बुडाची, पातं वर ओढून घेता येईल अशी. डोलकाठी दोघांनी उभी करावी, अर्ध्या तासात पाण्यात. चार माणसं बसतील अन् जीपला कळणार बी नाय मागं काय हाय ते."

"चौदा फुटी?" आप्पासाहेब नाक मुरडून म्हणाले, "तसली तर मासे धरणाऱ्यांकडं बी असती."

"मग तुमाला होडी नाय, मखर पायजे. ते मी बनवत नसतो."

आप्पासाहेबांनी ट्रेलर दुसरीकडून करून घेतला. फेब्रुवारीतल्या एका रविवारी पैठणच्या अलीकडं धरणाच्या काठावर निम्मं गाव गोळा झालं. होडीला झेंडूच्या माळा, पुढं हलगी, नारळ पाच. जीप मागं घेत घेत पाण्यात घातली आणि चाकं काळ्या गाळात आसापर्यंत रुतली. होडी तसूभरही तरंगली नाही. दोन ट्रॅक्टर आले. त्यांनी जीप बाहेर काढली, पण ओढाओढीत ट्रेलर एका बाजूला बसला आणि होडी माळांसकट कुशीवर पडली. हलगीवाला तरीही वाजवतच होता, कारण त्याला थांब म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

सूर्यभान बाभळीखाली शेंगा फोडत बसला होता. मी त्याच्या शेजारी होतो. आप्पासाहेबांनी लांबूनच हाक मारली, "अरे, काहीतरी सुचव की!" हा जागचा हलला नाही. चाकांखाली फळ्या टाकून ट्रेलरला लांब दोर बांधला असता, तर होडी निदान सरळ परत आली असती. हे त्यानंच मला घरी जाताना सांगितलं. तेव्हाच का बोलला नाहीस, म्हणून विचारलं, तर म्हणाला, "इचारताना बी मिशी खाली आली नव्हती त्यांची." मला त्या दिवशी दोघांचाही सारखाच वीट आला.

मे महिन्यात पाणी पार मागं हटलं. होडी कोरड्या, भेगाळलेल्या जमिनीवर पडून राहिली. तिच्या सावलीला शेरडं बसायची. पावसाळ्याआधी आप्पासाहेबांनी ती क्रेननं उचलून कुणाला तरी देऊन टाकली.

आता आपण शहाणे ठरलो म्हटल्यावर सूर्यभानला वेगळाच चेव आला. त्यानं स्वतःसाठी प्लायवूडची होडी बांधली. अकरा फुटी, अरुंद, इतकी हलकी की एका बाजूनं एकट्यानं उचलावी. जुन्या ओमनीमागं छोटा ट्रेलर लावून रविवारी निघायचा. पाण्यावर तेवढ्यापुरता तो माणूस देखणा दिसायचा, हे कबूल करायला हवं. बाकी वेळ काठावरच्या सगळ्यांना नावं ठेवणं चालूच. जाळी टाकणारे अडाणी, सहलीला आलेले कामगार बावळट, मी तर लेथवाला, मला वाऱ्यातलं काय कळणार.

त्याची बायको म्हाळसाबाई दर रविवारी बरोबर यायची आणि भाकरीचं गाठोडं घेऊन काठावर बसून राहायची. दोन वर्षं ती अशी बसली. एका दुपारी तो पाण्यातून बाहेर आला, तेव्हा ती पल्याडच्या काठाकडं बघत होती.

"तिकडं बानाबाई राहती," ती म्हणाली.

बानाबाई तिची थोरली बहीण. धरणात माहेरचं गाव गेलं तेव्हा तिचं घर शेवगावच्या बाजूला बसवलं, हिचं लग्न अल्याड झालं. पाण्यावरून दीडेक कोस, पण एस्टीनं पैठणला गाडी बदलून, धरणाला वळसा घालून जायचं म्हणजे अर्धा दिवस मोडायचा.

"मग?" सूर्यभान म्हणाला.

"मला न्या की."

"ही एकट्याची होडी हाय. तुला त्यातलं कळत नाय."

म्हाळसाबाई उठली. गाठोडं काखेत मारलं. "अख्ख्या जगाला इचारता, माणसं किती बसणार. घरात किती हायेत ते ठाव नाय तुमाला. आता जेवा बी एकट्यानं." आणि ती सडकेवर जाऊन एस्टीची वाट बघत उभी राहिली. त्याच्याकडं तिनं मान वळवूनही पाहिलं नाही. मी तिला कधी इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. सूर्यभान शीड गुंडाळत होता, आणि ते त्याला नीट गुंडाळता येत नव्हतं.

महिनाभरानं तो तिला घेऊन पुण्याकडच्या एका तलावावर विकायला काढलेल्या जुन्या होड्या बघायला गेला. मलाही नेलं, बहुधा तिच्याशी बोलायला कुणी असावं म्हणून. पहिली होडी त्याला पसंत पडली, चपळ होती. म्हाळसाबाई लुगड्याचा काष्टा सावरत जमिनीवरच तीत बसली आणि शिडाखालचा आडवा दांडा हातानं फिरवून बघितला. "ह्यो माझं टकुरं फोडील." दुसरी पाण्यात होती, तीत पाय ठेवताच होडी कलली, ती लगेच उतरली. तिसरीही पाण्यातच, पुसट निळी, चौदा फुटी, रुंद, दांडा उंच. ती बसली, उठली, काठावर रेलली, पुन्हा बसली.

"ही माझ्या वजनाला डुलंना. बानाबाईला न्यायचा पिठाचा डबा कुठं ठिवायचा?"

"डोलकाठीच्या पायथ्याला," सूर्यभान हळूच म्हणाला. "पर ही सुस्त हाय."

"मला कुठं शर्यत लावायचीय?"

घेतली ती निळीच. आप्पासाहेबांना ट्रेलर नाकारणाऱ्या सूर्यभाननं पुढं मुकाट्यानं त्या होडीसाठी ट्रेलर बनवला, आणि ट्रेलर ढकलायची मूठ तिच्या उंचीची ठेवली.

मार्गशीर्षात ते गेले. मी काठावर होतो. वारा उगवतीकडनं, जाता-येता आडवा, म्हणून सोयीचा. दीड तासात ते पल्याड पोचले. पुढचं म्हाळसाबाईनं सांगितलं ते असं. बानाबाई काठावर मेंढरं घेऊन उभी होती. बहिणीला होडीतून उतरताना पाहून ती धावली नाही, रडली नाही. पाण्याकडं बघितलं, सूर्यभानला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "एवढंसं पाणी ओलांडायला इतकी वर्सं लागली व्हय, दाजी?"

त्या दोघी बोलत पुढं गेल्या आणि सूर्यभान मागून पिठाचा डबा डोक्यावर घेऊन चालत राहिला. एका दिवसासाठी गेलेले ते चौथ्या दिवशी परतले.