रिकामी कढई

आमच्या ईट गावाहून निघाले त्या सकाळी अख्खी गल्ली मला सोडायला स्टँडवर येणार होती, आप्पा सोडून. दूध आलं होतं, आणि खव्याची भट्टी लेकीसाठीही थांबत नाही. मग मीच बॅग घेऊन भट्टीवर गेले. आप्पा रिकामी कढई तापवून तिच्यात नाक खुपसून उभे. पाया पडले तर म्हणाले, "आदी रिकामी कढई हुंगावी, मग दुधाला नावं ठेवावीत. ध्यानात ठेव." पोरगी नोकरीला बंगळूरला निघालीय आणि ह्यांचं आपलं कढईचंच! रागच आला मला. स्टँडवर चुलत्यांनी वर ऐकवलं, "जिथं माणूस न्हाय तिथली हवा मोजून काय मिळणार हाय?"

काय मिळालं ते तुम्हा मागं राहिलेल्यांना सांगते, माझ्यासारख्या निघून आलेल्यांनाही.

शुक्र ग्रहाच्या हवेत कोणते वायू किती आहेत हे मोजणारं यंत्र आम्ही बनवतो. एका चाचणीत सिलिंडरमधला ठरलेला वायू आत सोडला, तर स्क्रीनवर भलताच एक वायूही दिसला. सिलिंडरच भेसळीचा, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. रिपोर्टवर माझी सही हवी होती. माझी नोकरी तेव्हा कायम व्हायची होती. तरी मी म्हणाले, आधी यंत्र रिकामं तापवून मोजू, मग सही. दोन दिवस जाणार म्हणून साहेब भडकले. हा गावाकडचा हट्ट इथं चालणार नाही, असं सगळ्यांदेखत सुनावलं. मी सही मात्र केली नाही.

यंत्र रिकामं तापवलं. आत काही नसताना तोच वायू स्क्रीनवर हजर! एका वायरच्या जोडाला लावलेला गोंद तापून तो वायू सोडत होता. सिलिंडर बिचारा चोख होता. माफी कुणी मागितली नाही, मग मीही साहेबांकडे बघून मुद्दाम हसले.

फोनवर आप्पांना सांगितलं. "मग? म्या काय सांगितलं हुतं?" एवढंच बोलून ते दूध ओतायला गेले.

आता सुट्टीला आले की अंगाला भट्टीचा धूर लागतो. परतल्यावर तो यंत्रात शिरू नये म्हणून जवळ जाण्याआधी तीनदा केस धुवावे लागतात. घर धुऊन टाकलंस, असं म्हणणारे खुशाल म्हणोत. हे यंत्र शुक्रावर पोचेल, तेव्हा तिथली हवा आत घेण्याआधी ते एकदा स्वतःलाच रिकामं हुंगेल. ती पायरी मी भांडून त्याच्यात घातलीय. माझं घर तिथवर जाणार आहे, चुलत्यांना सांगा.