चार बोटं रुंदीची पट्टी

हे मी लिहावं की नाही, याची मला अजून खात्री नाही. आमच्या घरात लिहिलं जायचं ते फक्त मापांच्या वहीत: छाती, कंबर, बाही, उंची. वही वडिलांची. तालुक्याच्या गावी ते कपडे शिवतात. मला त्यांनी मशीनवर कधी बसू दिलं नाही. "तू शिक," म्हणाले, आणि मी शिकलो, घरातला पहिला. पण इंजिनिअरिंगच्या पुस्तकांतून लिहिणं येत नाही. शिवाय ही हकिकत खरं तर दुसऱ्याच एका शिंप्याची आहे, आणि त्याला विचारायची सोय आता राहिलेली नाही. म्हणून आधीच माफी मागतो.

२००४ साली मी डेट्रॉइटजवळ एमएस करत होतो. जॉब फेअरसाठी सेलमध्ये घेतलेल्या सूटच्या बाह्या माझ्या बोटांपर्यंत यायच्या. रूममेट म्हणाला, "यार, तू सूट घातलायस की सूटनं तुला?" बसच्या रस्त्यावरचं एक दुकान त्यानंच सुचवलं.

दुकानदार घानाच्या उत्तर भागातला, पन्नाशीचा. तो माप घेत होता तेव्हा मी सवयीनं कोटाची बाही उलटून अस्तराची शिवण बघितली. तो हसला आणि घरी कोण शिवतं असं विचारलं. वडील, म्हणालो. तेव्हापासून त्याच्या तोंडी मी 'टेलरचा मुलगा' झालो. मी त्याला अंकल म्हणायचो. त्यांच्याकडेही वडीलधाऱ्यांना तसंच म्हणतात.

त्याच्या गावी पुरुष अंगणात बसून अरुंद मागावर चार बोटं रुंदीच्या सुती पट्ट्या विणतात. त्या काठाला काठ लावून जोडल्या की घोळदार अंगरखा होतो. अंकल त्याच कापडाचे आजच्या पद्धतीचे कोट शिवायचा, खांद्यात नेमके, कमरेत आवळलेले. खिशावरचा पट्टा कोटावरच्या पट्ट्याला असा जुळवायचा की खिसा शोधावा लागे. गिऱ्हाइकं बहुतेक डेट्रॉइटची काळी माणसं, चर्चला जाणारी, लग्न ठरलेली. कार कारखान्यातला एकजण आरशासमोर बराच वेळ उभा राहिला होता. म्हणाला, "माझी माणसं कुठून आली मला माहीत नाही. पण हा खांदा माझा वाटतो."

मी दर शनिवारी जायला लागलो. विद्यार्थी व्हिसावर बाहेर काम करता येत नाही, म्हणून नुसता बसायचो, गप्पा मारत कच्चे टाके ओढून काढायचो. घरची आठवण कमी व्हायची. खरं तर वाढायची, पण बरी वाटायची.

अंकलचे वडील विणकर होते. मुलानं आपल्या पट्ट्यांना कात्री लावावी हे त्यांना कधी पटलं नाही. "मी जोडतो, तू कापतोस," असं ते निघताना म्हणाले होते, आणि त्यानंतर दोघांत फारसं बोलणं उरलं नव्हतं. अकरा वर्षं अंकल गावी गेला नव्हता. कागद पुरे नव्हते. गेला असता तर परत येता आलं नसतं.

त्या वसंतात गावाहून एक पार्सल आलं. आत निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं जोडलेलं कापड. सोबत पुतण्याचा फोन: म्हाताऱ्याची नजर चाललीय, हे त्याचं शेवटचं विणकाम. तिथल्या लोकांना शिवतोस तसला कोट शिवून पाठव, ईदच्या नमाजाला घालीन, असा वडिलांचा निरोप होता. अंकलनं कापड टेबलावर पसरलं आणि तीन आठवडे कात्री लावली नाही. चुकलो तर दुसरं नाही, एवढंच म्हणाला.

एका शनिवारी तो एका नवरदेवाचं फिटिंग करायला गेला. परतल्यावर आज कापतोच, असं सांगून गेला. मला वडिलांचा नियम आठवला: सुती कापड भिजवून आटवल्याशिवाय त्याला कात्री लावायची नाही. मला वाटलं, त्याचं एक काम हलकं होईल. मागच्या सिंकमध्ये पाणी भरून मी कापड बुडवलं. पाणी निळं झालं. मी घाईघाईनं ते बाहेर काढलं, तोवर पांढऱ्या रेघा पांढऱ्या राहिल्या नव्हत्या.

अंकल आला, बघून उभा राहिला. मग कापड न पिळता दोन्ही हातांवर उचलून टेबलावर पसरलं. "घरी जा, टेलरचा मुलगा," म्हणाला. "आज घरी जा."

मी कॉलिंग कार्डानं वडिलांना फोन लावला. झालेलं सगळं सांगितलं.

"अरे, नीळ पक्की आहे का, ते आधी कोपरा ओला करून बघायचं असतं."

"हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

"तुला कशाला सांगू? तुला थोडंच हे करायचं होतं?"

पुढच्या शनिवारी कळलं की कापड इतकं आटलं होतं की त्यात कोट बसत नव्हता. अंकलनं गावाहून आणखी दोन पट्ट्या मागवल्या होत्या. मापात आपलीच चूक झाली, असं त्यानं त्याच्या वडिलांना सांगितलं होतं. माझं नाव घेतलं नव्हतं. म्हातारा पुन्हा मागावर बसला. ईद होऊन गेली. पट्ट्या आल्या तेव्हा झाडांची पानं गळून गेली होती. त्यांचे काठ वाकडे होते, मध्येच धागे सुटले होते. हातानं चाचपत विणल्यासारख्या. आतल्या बाजूला लपवता आल्या असत्या, पण अंकलनं त्या छातीवर घेतल्या, डावीकडे एक, उजवीकडे एक. शेवटचं बटण त्यानं मला लावायला दिलं. मी ते दोनदा उसवून परत लावलं.

कोट गावी रवाना झाला आणि मला पार पश्चिम किनाऱ्याकडे, बॉथेलला नोकरी लागली. कोट पोचला की फोन करतो, असं अंकल म्हणाला होता. तिकडे माझा नंबर बदलला. नवा नंबर मी त्याला कळवला नाही. कामात राहून गेलं, असं मी दोन वर्षं स्वतःला सांगत होतो.

२००७मध्ये डेट्रॉइटजवळच्या नोव्हायला मित्राच्या मुलीचं बारसं होतं. दुसऱ्या दिवशी त्याची गाडी घेऊन मी त्या रस्त्यावर गेलो. दुकानाच्या जागी मोबाइल विकत होते. शेजारच्या न्हाव्यानं मला ओळखलं. अंकल गावी परत गेला, म्हणाला, कागद अर्धवट सोडून, म्हणजे कायमचाच. मी कोटाचं विचारलं. तो खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या मानेवरचे केस झटकत राहिला.

"तू आलास तर तुला सांगायचं नाही, असं बजावून गेलाय तो."

सांगा, म्हणालो.

त्यानं केस कापायचं मशीन बंद केलं. "कोट पोचला. पण म्हातारा त्याच्या नऊ दिवस आधीच गेला होता."