हाक मारणारं रीळ

पहिला बोनस हातात आला तसा मी अंधेरी स्टेशनबाहेरच्या गळ-दोरीच्या बारक्या दुकानात गेलो. दुकानदाराचं नाव मी कधीच विचारलं नाही. दुबईहून कुणीतरी आणलेलं चकचकीत रीळ त्याच्या काचेत होतं, तेच मला हवं होतं. फिरवलं तर जराही आवाज नाही.

"कुठे गरवतोस?" त्याने विचारलं. मासे धरण्याला गरवणं म्हणतो म्हणजे आमच्या कोकणातलाच, म्हणून मी खरं सांगून टाकलं, "पवई तलावावर. रविवारी, एकटाच."

"जेवून बसतोस ना?"

"हो."

त्याने ते रीळ माझ्या हातातून काढून घेतलं. मग एक साधं लाकडी रीळ कानाशी धरलं आणि दाढ दुखत असल्यासारखा एक डोळा मिटून उलटं फिरवलं. कर्रर्र!

"हे घे. मुकं रीळ काय कामाचं रे? तुला डुलकी लागली की मासा दोरी घेऊन पसार. हे हाक मारेल."

हा मला झोपाळू समजतो! मी चिडलो, पण घेतलं.

पुढच्याच रविवारी झाडाच्या सावलीत कर्रर्र झालं आणि मी दचकून ओरडलो, "ओ, आलो आई!"

चांगला दोन किलोचा रोहू मिळाला. मुद्दाम सांगायला दुकानात गेलो, तर माशाचं राहिलं बाजूला. डोळा मिटून त्याने एवढंच विचारलं, "ओ दिलीस ना?"