केशरबाईंची बारा अंडी

चर्चच्या लिलावात शांतवन सरांचा हात आजवर कधी वर झाला नव्हता, आणि गावाने ही गोष्ट चांगली ध्यानात ठेवली होती.

राहुरीजवळच्या त्या गावात हंगामाच्या सणाला लोक देवाला काय काय आणतात. भोपळे, बाजरी, कोंबड्या, एखादा बोकड. उपासना झाली की अंगणात त्याचा लिलाव. चाळीस रुपयांचा भोपळा चारशेला जातो, आणि घेणारा वर तो परत देवाला देऊन टाकतो, की पुन्हा बोली सुरू! सर निवृत्त मुख्याध्यापक, अक्षर मोत्यासारखं, म्हणून टेबलाशी बसून वस्तूंच्या चिठ्ठ्या लिहायचे. "लिहिणाऱ्याने बोली लावू नये," असं वर तत्त्वज्ञान. कसलं काय! पुण्या-मुंबईच्या जुन्या पुस्तकांच्या लिलावात हाच गृहस्थ मोबाईलवर बोट ठेवून अशी बोली चढवायचा की त्यांच्या बायकोला, दयाबाईंना, पासबुक लपवून ठेवावं लागायचं.

सरांच्या घरात तीन कपाटं भरून जुनी पुस्तकं, आणि कपाटांवर पाटी : 'पुस्तक घरी नेण्यास मिळणार नाही. येथे बसून वाचावे.' जावयालासुद्धा सूट नाही. दोन वर्षांपूर्वी गावातल्या म्हाताऱ्या केशरबाईंच्या शेळीचं पोट फुगलं, तेव्हा त्या धावत आल्या. सरांकडे दीडशे वर्षांपूर्वीचा 'जनावरांचा घरवैद्य' होता, भाग दुसरा, शेळ्यामेंढ्यांचा. "सर, द्या की पुस्तक, शेळीपाशी बसून वाचते," त्या म्हणाल्या. सरांनी पाटीकडे बोट दाखवलं. मग काय, केशरबाईंनी शेळी ओढत आणली आणि ओट्यावर बसून एकेका ओळीवर बोट ठेवत वाचलं. शेळी जगली. सर मात्र पुस्तक पुसत आपलंच दुःख सांगत बसले : "याचा पहिला भाग बैलांचा आणि तिसरा कोंबड्यांचा. दोन्ही वीस वर्षं शोधतोय हो. मिळाले तर जीव ओवाळून टाकीन." केशरबाईंनी ऐकून घेतलं आणि शेळी घेऊन गुपचूप निघून गेल्या.

मागच्या उन्हाळ्यात गावात मानमोडी आली, घरोघरच्या कोंबड्या पटापट मेल्या. केशरबाईंच्या अंगणात मात्र कोंबडा रोज पहाटे आरवत होता. बाई नशिबाची, असं लोक म्हणाले.

तर यंदाच्या सणाला केशरबाईंची अंड्यांची टोपली सरांच्या टेबलावर आली. बारा अंड्यांच्या मानाने टोपली जड लागली. सरांनी अंड्यांखालचा भुसा जरा बाजूला सारला. खाली पुस्तक. 'जनावरांचा घरवैद्य, भाग पहिला.' म्हातारीने टोपलीचा तळ सारखा करायला घातलं असणार, अज्ञानच ते! सरांनी भुसा पुन्हा सारखा केला आणि चिठ्ठीवर सुंदर अक्षरात लिहिलं : 'गावरान अंडी, नग बारा.'

लिलाव पुकारायला टेम्पोवाला स्टीफन. "केशरमावशीची अंडी, बोला शंभर!"

सरांचा हात वर. अंगणातल्या साऱ्या माना एकदम टेबलाकडे वळल्या.

शेजारचा रंगनाथ, उसाचा बागायतदार, दरवर्षी गंमत बघायला यायचा. त्याला राहवतंय होय? "दोनशे!" सर म्हणाले, पाचशे. रंगनाथ म्हणाला, हजार. लोक टाळ्या पिटायला लागले. सर खुर्चीवरून उठले. "पाच हजार!" ते ओरडले, आणि दयाबाईंनी डोक्याला हात लावला.

"आरं, ह्या अंड्यांतनं मोर निघनार हायेत का काय?" रंगनाथने हात जोडले. "घ्या बाबा, तुमचीच."

"एक वार, दोन वार, तीन वार!" स्टीफनने टोपली सरांच्या हातात दिली आणि मागून गलका उठला, "परत! परत!"

"अंडी परत देतो," सर चाचरत म्हणाले. "टोपली राहू द्या."

"पाच हजाराची टोपली!" लोक हसून हसून वाकले. स्टीफन थट्टेने टोपली ओढायला लागला, सरांनी ती छातीशी कवटाळली, आणि दोन अंडी त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर फुटली. सरांनी दयाबाईंकडे पाहिलं. त्या एकट्या हसत नव्हत्या. चाळीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं, आणि आज आपण देवाच्या अंगणात, देवाच्या टोपलीवर खोटी चिठ्ठी लिहिली. सरांना आपलीच लाज वाटली.

त्यांनी पुस्तक बाहेर काढलं, सगळ्यांसमोर केशरबाईंच्या हातात दिलं. "बाई, हे खाली होतं. मी पाहिलं आणि लपवलं. तुम्हांला ठाऊक नव्हतं, मला होतं. मला माफ करा."

केशरबाई खळखळून हसल्या. "ठाव नसाया काय झालं? मीच ठिवलं की! सासऱ्याच्या पेटीतलं हाय ते. म्हनलं, सरांचा हात एकदा तरी देवापायी वर जाऊ दे. घ्या, तुमचंच हाय आता."

सरांनी पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं. मग हळूच म्हणाले, "पेटीत... तिसरा पण आहे?"

"हाय की. मानमोडीत माज्या कोंबड्या कशावर जगल्या मग?"

"काय मागाल ते देतो, केशरबाई!"

"आवं, मागायचं कशाला? कवाबी या." केशरबाईंनी पदर खोचला. "पर पुस्तक घरी न्यायला मिळायचं न्हाई. हितं बसून वाचायचं."

अंगणात पुन्हा हशा पिकला. सर तेवढे हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर ते कपाटाशी उभे राहिले. तिन्ही भाग एकत्र कुणी म्हणून पाहिले नव्हते. तिसरा तर केशरबाईंच्या घरून हलणार नव्हता. सरांनी दुसरा भाग काढला, पहिल्यावर ठेवला, फडक्यात बांधला आणि दाराकडे निघाले.

दयाबाई उंबऱ्यात आडव्या उभ्या. "अहो, पाटी वाचलीत का?"

सर मागे वळले, पाटी खिळ्यावरून काढली आणि काखेत मारली. "ही पण केशरबाईंना देतो. आता त्यांना लागेल."